मागचा माणूस

विनेमकाच्या डॉलीवाल्याने चावी देताना सांगितलं:
साखळ्या खालून फुलीसारख्या अडकव,
पन्नास मैलांवर थांबून पट्टे पुन्हा आवळ,
आणि काहीही झालं तरी रिव्हर्स घेऊ नकोस.
घेतली तर?
मग गाडी एकीकडे, डॉली भलतीकडे,
आणि फोन मला.

माझ्या सहीखाली डॅडनीही सही केली.
एल्डन क्रूगर, वळणदार.
कुणी मागितली नव्हती.

ब्यूक त्यांची. एक्क्याण्णव सालची, ओल्या वाळूच्या रंगाची.
पुढची चाकं डॉलीवर उचललेली, मागची रस्त्यावर,
दोन्ही काखांत हात घालून
कुणाला खुर्चीतून उठवावं तशी.

लायसन्स एप्रिलमध्येच गेलं.
काउंटरवरच्या बाईने त्याचा कोपरा कात्रीने कापला
आणि आठवण म्हणून परत दिलं.
गाडी विकू या का, विचारलं,
तर म्हणाले, ती आली तर मी येतो.
म्हणून हे अकराशे मैल, कर्नीपर्यंत,
जिथे तिच्यासाठी वेंडेलची मासेमारीची होडी
मी गॅरेजबाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवलीय.
वेंडेल अजून बोलत नाहीये.

बॅटल माउंटनला पट्टे आवळले.
खरंच सैल झाले होते.

मिठाच्या पठारावर रस्ता इतका सरळ
की स्टिअरिंगवर हात ठेवायचा तो केवळ रीत म्हणून.
डॅड केव्हाचे बाजूच्या आरशात बघत होते.
"मागचा माणूस फार जवळून येतोय."
ती आपलीच ब्यूक, डॅड.
"ते कळतं मला."

वीस मैल गेले.
"त्याला पुढे जाऊ दे गं. घाई असेल बिचाऱ्याला."

मी वेग कमी केला.
तिनेही केला.
मी कडेला घेतली.
तीही आली, मुकाट, दिवे मिचकावत.
त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला,
खाणीतले दोनशे टनी डंपर वळवलेला तो हात,
आणि जा, जा, असा पंजा हलवत राहिले.
खारा वारा आत आला. कुणी पुढे गेलं नाही.
"सभ्य आहे," शेवटी म्हणाले, आणि काच वर केली.

रॉलिन्समध्ये मी चुकले.
मोटेलची पाटी डावीकडे, मी उजवीकडे,
आणि गल्ली कुंपणाशी संपली.
समोर तारा, तारांपलीकडे दोन घोडे,
मागे ती.
रात्रीचे साडेनऊ. मी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

दार उघडल्याचा आवाज आला.
टॉर्च दातांत धरून डॅड डॉलीपाशी बसले होते,
डावा पट्टा आधी, मग उजवा,
साखळी सगळ्यात शेवटी. "नेहमीच शेवटी," टॉर्चभोवतून म्हणाले.
मग माझ्याकडे न बघता ब्यूकमध्ये बसले,
चालू केली, आणि एका झटक्यात उतारावरून मागे घेतली,
बशीतून चमचा उचलावा तशी.

डॉली आम्ही दोघांनी हातांनी ढकलली. घोडे बघत होते.
पिकअप मी सहा वेळा पुढेमागे करून वळवली, डॉली पुन्हा जोडली.
आता ब्यूक वर चढव, म्हणायला हवं होतं.
कापलेल्या कोपऱ्याचं लायसन्स त्यांच्या पाकिटात होतं,
आणि मोटेल अर्ध्या मैलावर.

मी काही बोलले नाही.

आरशात दोन दिवे.
फार जवळून येत होते.
रस्ता रिकामा, ओव्हरटेक करायला भरपूर जागा,
मी हात बाहेर काढून, जा, जा, केलं.
त्यांनी एकदा हॉर्न दिला, आणि मागेच राहिले.

साऱ्या प्रवासात ब्यूकच्या मीटरने मोजलं ते एवढंच.

काउंटरवरच्या पोराने न बघताच विचारलं,
गाड्या किती?
मी तोंड उघडायच्या आत,
"दोन," डॅड म्हणाले,
आणि रजिस्टर स्वतःकडे ओढलं.